मळीचं पाणी आणि हरित लवाद

हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाच्या वादांसाठीच्या खास कोर्टात, अर्ज करायला एक हजार रुपये फी लागते. ही गोष्ट चावडीवर पहिल्यांदा निघाली तेव्हा कुणाचा विश्वास बसला नाही. बांधाच्या भांडणात दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवून जमिनी विकलेली घरं आमच्याकडं आहेत. हजार रुपयांत कारखान्यावर केस करता येते म्हटल्यावर दोन दिवस सगळे वकील झाले होते. प्रत्यक्षात त्या हजाराशिवाय काय काय लागतं, ते लिहून ठेवतोय.

गावाचं आणि कारखान्याचं नाव लिहीत नाही. एक तर प्रकरणाचा काही भाग अजून न्यायप्रविष्ट आहे, आणि दुसरं म्हणजे माझा ऊस अजून त्याच कारखान्याला जातो.

त्रास साखरेचा नव्हता, डिस्टिलरीचा होता. मळीपासून अल्कोहोल काढताना दर लिटरमागं साधारण ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश निघतं. गडद तपकिरी, आंबूस, ऊन ऊन. गावात त्याला सरसकट ‘मळीचं पाणी’ म्हणतात. त्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खाईल त्याचं माप, लिटरला ४०-५० हजार मिलिग्रॅमपर्यंत जातं. नदी-ओढ्यात सोडायच्या सांडपाण्याला जुनी मर्यादा ३० मिलिग्रॅमची. आता तर नियम असा आहे की डिस्टिलरीनं बाहेर थेंबही सोडायचा नाही. एकतर आटवून बॉयलरमध्ये जाळायचं, नाहीतर प्रेसमडवर, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या चोथ्यावर, फवारून कंपोस्ट करायचं. कंपोस्ट पावसाळ्यात करता येत नाही, कारण यार्डातून सगळं वाहून जातं. मग पावसाळ्यात लगून, म्हणजे हे पाणी साठवायचं अस्तर घातलेलं तळं, तुडुंब भरतं. आणि पहिला मोठा पाऊस झाला की त्या गढूळ पाण्याच्या आडोशानं रात्री ओढ्यात काय सुटतं, ते सकाळी ओढ्याकाठच्या विहिरींना कळतं.

लवादाच्या आधी जे व्हायचं ते सगळं झालं होतं. ग्रामसभेचा ठराव, तहसीलदारांना निवेदन, प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात तक्रार, रास्ता रोको, त्यात पुढाऱ्यांचं आश्वासन. तक्रार केली की अधिकारी दोन-चार दिवसांनी येत. तोपर्यंत ओढा धुऊन निघालेला असे. ‘पाहणीच्या वेळी विसर्ग आढळून आला नाही’ हे वाक्य असलेली पत्रं माझ्याकडं फाईलभर आहेत.

आमच्यापैकी एकाचा भाचा पुण्यात शिकत होता. त्यानं एका वकील मॅडमची गाठ घालून दिली. त्या पर्यावरणाच्याच केसेस घेतात. पहिल्याच भेटीत आमच्या गड्यांनी विचारलं, ‘मॅडम, हायकोर्टात जनहित याचिका का नको? पेपरात तेच वाचतो आम्ही.’ त्यांनी शांतपणे सांगितलं, की प्रदूषणाचा दिवाणी स्वरूपाचा वाद असेल तर २०१० च्या कायद्यानं तो लवादापुढंच न्यायचा आहे, साध्या दिवाणी कोर्टाला त्यात हात घालता येत नाही. आणि लवादाच्या पीठावर न्यायाधीशाशेजारी एक तज्ज्ञ सदस्य बसलेला असतो. बीओडी म्हणजे काय, हे त्याला शिकवावं लागत नाही.

त्यांनी कायद्याची प्रत दिली ती मी एसटीत बसून वाचून काढली. अडतीस कलमांचा लहानसा कायदा आहे. त्याआधी १९९५ ला एक न्यायाधिकरणाचा कायदा झाला होता, १९९७ ला एक अपील प्राधिकरण झालं. पहिलं कधी नीट उभंच राहिलं नाही, दुसरं पांगळंच राहिलं. सर्वोच्च न्यायालय वारंवार सांगत होतं की असे तांत्रिक वाद सोडवायला वेगळी कोर्टं हवीत, विधी आयोगानंही २००३ मध्ये १८६ व्या अहवालात तेच सांगितलं. मग २०१० मध्ये हा लवाद आला. मुख्य पीठ दिल्लीत, आणि भोपाळ, पुणे, कोलकाता, चेन्नई इथं विभागीय पीठं. महाराष्ट्र, गुजरात, गोव्याची प्रकरणं पुण्याला. कौन्सिल हॉलसमोरच्या नवीन प्रशासकीय इमारतीत. कोर्ट म्हणून डोळ्यांपुढं जे येतं तसं तिथं काही नाही. शांत, सरकारी, पंख्याचा आवाज येतो.

अर्ज लिहायला बसलो आणि पहिला धक्का बसला तो मुदतीचा. कलम १४ खाली अर्ज करायचा तर वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत. पुरेसं कारण दाखवलं तर आणखी साठ दिवस मिळतात, त्यापलीकडं एक दिवसही नाही. नुकसानभरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करण्यासाठी कलम १५ आहे, त्याला पाच वर्षं. आम्ही मोठ्या अभिमानानं जुन्या तक्रारींचा गठ्ठा टेबलावर ठेवला: बघा, किती वर्षांपासून लढतोय. मॅडमनी तो चाळला आणि म्हणाल्या, ‘दादा, हाच गठ्ठा कारखान्याचा वकील तुमच्याविरुद्ध वापरणार.’

आणि तसंच झालं. त्यांच्या उत्तरातला पहिलाच मुद्दा होता: अर्जदारांच्याच ग्रामसभेच्या ठरावानुसार कथित प्रदूषण तीन वर्षांपूर्वी सुरू झालं, सबब अर्ज मुदतबाह्य. आमचं म्हणणं होतं की दर पावसाळ्यात नवा विसर्ग होतो, म्हणजे नवं कारण घडतं, आणि विहिरींचं नुकसान तर चालूच आहे. म्हणून अर्ज दोन्ही कलमांखाली केला. ज्यांना पुढं जायचं असेल त्यांनी एवढं एक लक्षात ठेवावं: तक्रारी करत बसण्यात गेलेला वेळ लवादाच्या घड्याळात मोजला जातो. आपल्याकडं ‘आधी सामोपचारानं बघू’ म्हणण्याची पद्धत आहे. कायद्याला ती ठाऊक नाही.

दुसरं, एका अर्जात एकच कारण. आमच्या यादीत बॉयलरची राख होती, रस्त्याकडेची तोडलेली झाडं होती, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उखडलेला रस्ता होता. मॅडमनी सगळं खोडलं. लवादाला अधिकार आहे तो कायद्याच्या परिशिष्टातल्या सात कायद्यांपुरता: पाणी, पाणी उपकर, वनसंवर्धन, हवा, पर्यावरण संरक्षण, सार्वजनिक दायित्व विमा, जैवविविधता. झाडं तोडण्याचा राज्याचा कायदा त्यात नाही, वन्यजीवांचाही नाही. राख हवेच्या कायद्यात बसली असती, पण ती वेगळी कथा झाली असती. ओढा आणि विहिरी, बस्स. यावर गावात नाराजी झाली. ज्याच्या शेतात राख पडते त्याला ओढ्याचं काय?

फीचंही तसंच. हजार रुपये हे फक्त भरपाई मागायची नसेल तर. भरपाई मागितली की मागणीच्या एक टक्का. म्हणजे कुणी बारा लाख मागितले तर बारा हजार आधी भरायचे. इथं माणसं गळाली. वर कामकाज इंग्रजीतून चालतं, त्यामुळं सातबारा, ठराव, तलाठ्याचा पंचनामा, सगळ्याचं भाषांतर जोडावं लागतं. आधी ऑनलाइन दाखल करायचं, मग कार्यालयाची छाननी. अमुक पानावरचा शिक्का वाचता येत नाही, तमुक जोडपत्राला क्रमांक नाही, प्रतिज्ञापत्र जुन्या नमुन्यात आहे. त्रुटी दुरुस्त करून पुन्हा. यात नवल काही नाही, सगळीकडंच असतं.

खरा ताण गावात होता. उसाची नोंद कारखान्याकडं, तोड त्यांच्या हातात, टोळी ते पाठवणार. अर्जावर सह्या करणाऱ्यांपैकी एकाच्या फडात तोड आली ती तुरे येऊन वजन घटल्यावर. कुणी तोंडानं काही बोललं नाही, बोलावंही लागत नाही. त्याच्या आईनं येऊन मला विचारलं, ‘भाऊ, त्याचं नाव काढता येतं का त्या कागदातनं?’ काढता येत होतं, आम्ही काढलं. मला आजही त्याच्याबद्दल राग नाही. ज्याच्याकडं माल घालतो त्याच्यावरच केस करायची, हे शहरात बसून सांगायला सोपं आहे. कुणीतरी सुचवलं की केस नको, नुसतं पत्र पाठवू, लवाद आपणहून दखल घेतो. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये तो अधिकार मान्य केलाय. खरं आहे, पण पत्रावर दखल घेतलीच जाईल याची हमी काय? आणि दखल घेतली तरी आपल्या विहिरीचा हिशेब कोण मांडणार?

मनानं उचल खाल्ली ती उरणच्या कोळ्यांच्या निकालानं. बंदराच्या भरावामुळं मासेमारी गेलेल्या १६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये द्या, असा आदेश पुण्याच्या याच पीठानं २७ फेब्रुवारी २०१५ ला दिला होता. तो निकाल मॅडमनी आम्हाला तोंडी समजावून सांगितला. कुटुंबं मोजली गेली होती, नुकसान माणशी मांडलं होतं, हे आमच्या डोक्यात पक्कं बसलं.

पहिली सुनावणी पाच मिनिटांत संपली. मी नवे कपडे घालून गेलो होतो. पीठानं कागद पाहिले, फोटो पाहिले, मॅडमना दोन प्रश्न विचारले, प्रतिवादींना नोटीस काढली आणि संयुक्त समिती नेमली: केंद्रीय प्रदूषण मंडळाचा शास्त्रज्ञ, राज्य प्रदूषण मंडळाचा अधिकारी, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी. जागेवर जाऊन पाहणी करा, नमुने घ्या, अहवाल द्या. जवळजवळ प्रत्येक प्रकरणात असंच होतं म्हणे. ज्या राज्य मंडळाला आम्ही प्रतिवादी केलं होतं, त्याचाच माणूस समितीत, हे मला तेव्हा खटकलं आणि अजून खटकतं. पण यंत्रं, प्रयोगशाळा, संमतीपत्रांच्या फायली त्यांच्याकडंच असतात, त्यामुळं त्यांना वगळून समितीही चालत नाही.

आदेश लिहिला जात असताना मॅडम उठून एवढंच म्हणाल्या, की पाहणी अर्जदारांच्या उपस्थितीत व्हावी. पीठानं होकार दिला आणि ती ओळ आदेशात आली. सगळ्या प्रकरणात आमच्या बाजूनं झालेली सर्वांत मोलाची गोष्ट मी हीच समजतो. कारण वकिलांनी कितीही गाजवलं तरी अशा प्रकरणाचा निकाल ओढ्याच्या काठावर, नमुन्याच्या बाटलीत लागतो.

पाहणीच्या दिवशी अर्थातच डिस्टिलरी देखभालीसाठी बंद होती. ओढा निर्मळ. कारखान्याचे अधिकारी पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या घेऊन हजर. समिती सरळ ओढ्याच्या वाहत्या पाण्याकडं निघाली होती. आम्ही तिघंचौघं उभे राहून म्हणालो, साहेब, वाहतं पाणी दर तासाला बदलतं. विहिरी बघा, डोहाच्या तळाचा गाळ बघा. केंद्रीय मंडळाचा जो शास्त्रज्ञ होता, तरुण, दक्षिणेकडचा असावा, मराठी येत नव्हतं, त्यानं काही न बोलता बूट काढले आणि डोहात उतरला. काठी तळात खुपसली तसे बुडबुडे आले आणि तो वास. त्यानं तिथंच ठरवलं की गाळाचे नमुने घ्यायचे.

मग नमुना घेण्याचं काम पाहिलं. ओढ्याच्या वरच्या अंगाला, कारखान्याच्या आधी एक ठिकाण; कारखान्यानंतर लगेच एक; आमच्या गावाजवळ एक. वरचं ठिकाण नसेल तर खालच्या आकड्याला अर्थ राहत नाही, घाण वरून आली म्हणायला मोकळे. विरघळलेल्या ऑक्सिजनच्या बाटलीत जागेवरच रसायन टाकून तो बांधून ठेवायचा, बुडबुडा राहू द्यायचा नाही. बाकीच्या बाटल्या बर्फाच्या पेटीत. बीओडीची चाचणी आपल्याकडं २७ अंशाला तीन दिवस ठेवून करतात, त्यामुळं नमुना वेळेत पोचणं महत्त्वाचं. जलप्रदूषणाच्या कायद्यातल्या कलम २१ प्रमाणं कारखान्याच्या आतल्या नमुन्याचे दोन भाग, दोन्ही सीलबंद, लाखेवर दोन्ही बाजूंच्या सह्या. आम्ही आधी खासगी प्रयोगशाळेतून केलेल्या तपासण्यांवर विरोधी वकिलानं हाच आक्षेप घेतला होता: सील कुठंय, कोणासमोर घेतला? लवादाला पुरावा कायदा काटेकोर लागू नाही, पण वजन द्यायचं की नाही हे पीठ ठरवतं, आणि सह्या नसलेल्या बाटलीला वजन येत नाही.

कंपोस्ट यार्डाच्या कडेला काँक्रीट फुटून खालून ओल झिरपत होती. तिचा फोटो समितीनं अक्षांश-रेखांशासह काढला. लगूनचं अस्तर एका कोपऱ्यात फाटलेलं. कारखान्याचा माणूस म्हणाला, कालच फाटलं. त्यात उगवलेलं गवत गुडघ्याएवढं होतं.

अहवाल यायला मुदतवाढ लागली. आला तो आमच्या बऱ्यापैकी बाजूनं. विहिरींच्या पाण्यात विरघळलेले क्षार पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात, दुसरा पर्यायच नसेल तर २००० पर्यंत. ओढ्याकाठच्या विहिरी दुसरी मर्यादाही ओलांडून गेल्या होत्या, आणि वरच्या अंगाची विहीर पहिलीच्या आत होती. सगळं प्रकरण त्या दोन विहिरींच्या फरकावर उभं राहिलं.

पुढं भांडण दिवसांचं. पर्यावरणीय भरपाईचं केंद्रीय मंडळाचं सूत्र आहे. उद्योगाचा प्रदूषण निर्देशांक, लाल म्हणजे सर्वांत जास्त प्रदूषण करणाऱ्या वर्गाला ८०. गुणिले उल्लंघनाचे दिवस. गुणिले रुपयांचा गुणक, साधारण २५०. गुणिले उद्योगाचा आकार, मोठ्याला दीड. गुणिले ठिकाणाचा गुणक, आमच्यासारख्या भागाला एक. म्हणजे दिवसाला तीस हजार. बाकीचे आकडे ठरलेले, वाद घालायला जागा फक्त ‘दिवस’ या एका जागी. कारखाना म्हणाला, उल्लंघन सापडलं तो एकच दिवस. आम्ही म्हणालो, पहिला नमुना नापास झाला त्या तारखेपासून दुरुस्ती पूर्ण होऊन नमुना पास होईपर्यंत. मंडळाच्याच जुन्या फाईलमध्ये एक संयुक्त दक्षता नमुना, म्हणजे मंडळानं कारखान्यात जाऊन घेतलेला नमुना, नापास झालेला होता, त्यावर कारणे दाखवा नोटीसही होती. तो कागद माहिती अधिकारात मिळाला, आणि दिवसांची सुरुवात तिथून धरली गेली. घरच्या वहीत लिहिलेल्या वासाच्या रात्रींचा मात्र हिशेबात उपयोग झाला नाही. वास मोजता येत नाही.

विरोधी वकिलांनी आणखी एक चांगला मुद्दा मांडला, तो इथं नोंदवतो. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात सांगितलं आहे की लवादानं निर्णयाचं काम तज्ज्ञ समितीवर सोडून द्यायचं नाही, स्वतः विचार करायचा. म्हणून अहवालावरच्या आमच्या आणि त्यांच्या हरकती पुन्हा तपशीलवार ऐकल्या गेल्या. वेळ गेला, पण त्यामुळं निकाल जरा भक्कम झाला असं मॅडमचं मत. कायदा म्हणतो, शक्यतो सहा महिन्यांत निकाल द्यावा. ‘शक्यतो’ ला आमच्या प्रकरणात बरंच काम पडलं: कधी प्रतिवादीचं उत्तर आलं नाही, कधी अहवाल नाही, कधी बोर्डावर नाव खाली असल्यानं पोचलंच नाही. व्हिडिओवरून हजर राहता येतं ही मोठी सोय. म्हशीची धार काढून मोबाईलवर सुनावणी ऐकलेली आहे.

निकालात कारखान्यानं पर्यावरणीय भरपाई मंडळाकडं भरावी, लगूनचं अस्तर आणि यार्ड दुरुस्त होईपर्यंत कंपोस्ट बंद, बाधित विहिरींच्या घरांना पिण्याचं पाणी कारखान्याच्या खर्चानं, ओढा पूर्ववत करण्याचा आराखडा तयार करावा असं आलं. शेतकऱ्यांचं वैयक्तिक नुकसान जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीनं ठरवायचं. यातला बारकावा गावाला कळायला वेळ लागला: भरपाईची मोठी रक्कम शेतकऱ्याच्या खात्यात येत नाही. ती पर्यावरणाची, मंडळाकडं जमा होते. शेतकऱ्याला हवी असेल तर त्यानं स्वतःचा सातबारा, पीकपेरा, कृषी सहायकाचा अहवाल, विहिरीचा नमुना असं सगळं स्वतंत्र मांडावं लागतं. ज्यांनी एक टक्का भरून मागणी केली होती त्यांचीच नावं त्या समितीपुढं गेली. बाकीचे आता माझ्याकडं येऊन विचारतात, आमचं काय.

निकालावर नव्वद दिवसांत सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. कारखाना गेला. भरपाईच्या आकड्यावर स्थगिती आहे, अर्धी रक्कम भरण्याच्या अटीवर. ती भरली असं कळतं. पिण्याचं पाणी आणि दुरुस्ती यांवर स्थगिती नाही. टँकर येतो, पण नियमित नाही, म्हणून अंमलबजावणीसाठी लवादातच वेगळा अर्ज केला आहे. लवादाचा आदेश दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येतो.

गेल्या महिन्यात ओढा पूर्ववत करण्याचा आराखडा आला. कारखान्यानं नेमलेल्या सल्लागारानं केलेला, रंगीत, छान छापलेला. त्यात काठानं वृक्षारोपण आहे, बाकडी आहेत, माहितीफलक आहे. डोहातला गाळ काढून कुठं टाकणार, याची एक ओळ नाही, आणि विहिरींचा उपसा करून पुन्हा तपासणी करण्याचा उल्लेख नाही. आम्ही लेखी हरकत दिली आहे: झाडं नंतर लावा, आधी गाळ काढा, आणि काढताना आम्हाला बोलवा.